डिशवॉशर म्हणतो पाणी नाही, सिंकच्या नळाला मात्र पाणी आहे. बोर्ड खरंच बदलावा लागेल का?

लातूरची सून (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. आमचा डिशवॉशर अकरा दिवसांपासून बंद आहे. उद्या-परवा पैसे भरायचे की नाही ते ठरवायचंय, म्हणून घाईने विचारते आहे.

मशीन अडीच वर्षांची. सुरू केली की आधी नेहमीसारखी घर्र करून उरलेलं पाणी बाहेर टाकते, मग पाणी आत येत असल्याचा बारीक आवाज येतो आणि सहा-सात मिनिटांनी शिट्टी वाजवून थांबते. पडद्यावर एफ५. पुस्तिकेत त्यासमोर एवढंच आहे: पाणीपुरवठा अपुरा. नळाची तोटी उघडी आहे ना बघा, असं खाली लिहिलंय. तोटी उघडीच आहे. शेजारच्या सिंकला पाणी छान येतं.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने दोनदा बटण दाबून बघितलं आणि बोर्ड (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय म्हणाला. ९,२०० रुपये, शिवाय येण्याचे वेगळे. मशीन त्याने जागेवरून पुढे ओढलीसुद्धा नाही. वॉरंटी संपलेली आहे.

मशीन घेतली ती सासूबाईंसाठी. त्यांना संधिवात आहे, सकाळी बोटं मिटत नाहीत. तरी या अकरा दिवसांत मी शाळेत गेले की त्या गुपचूप भांडी घासून ठेवतात. काल संध्याकाळी त्यांच्या हातातून ताट सुटलं तेव्हा मला कळलं.

पाण्याचं सांगायचं तर आमच्या भागात नळ आठ-नऊ दिवसांनी येतो. ते पाणी हौदात, कमी पडलं की बोअरचं त्यातच, आणि मोटारीने गच्चीवरच्या टाकीत. स्वयंपाकघर तळमजल्यावर. काय तपासू?


नांदेडचा मिस्त्री (सोमवार, रात्री १०.३५)

ताई, पैसे भरू नका. निदान आठवडाभर तरी नको. फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर ही कामं मी चौदा वर्षं करतोय, आणि पाण्याचा कोड आला म्हणून बोर्ड बदलायची वेळ माझ्यावर फार थोड्यांदा आली.

कोड म्हणजे काय ते आधी बघा. मशीनला डोळे नाहीत. पाणी आत येतं त्या वाटेवर बहुतेक मशिनींत एक इवलासा पंखा असतो, त्याला चुंबक लावलेलं असतं. पाण्याने पंखा फिरला की प्रत्येक फेऱ्याला बोर्डाकडे एक खूण जाते. बोर्ड त्या खुणा मोजतो. ठरलेल्या वेळात ठरलेल्या खुणा आल्या नाहीत तर तो पाणी कमी असं समजून कोड दाखवतो आणि थांबतो. म्हणजे तुमचा बोर्ड मोजतोय आणि मोजून तक्रार करतोय. मेलेला बोर्ड एवढं करत नाही.

आणखी एक. पाणी येत असल्याचा बारीक आवाज येतो म्हणालात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोय. व्हॉल्व्ह उघडलाच नसता तर मी त्याची कॉइल, म्हणजे त्याला उघडणारं तारेचं वेटोळं, बघायला सांगितलं असतं, आणि ते मल्टीमीटर वापरता येणाऱ्याचं काम आहे. व्हॉल्व्ह उघडतो पण पाणी बारीक येतं, तर अडचण व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे. जाळी, पाइप, तोटी, टाकी.

उद्या हे करा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीनची तोटी बंद करा, पाइप तिथून सोडवा, खाली जुना टॉवेल टाका. बादली लावून तोटी पूर्ण उघडा आणि १० लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. मग तीच बादली सिंकच्या नळाखाली. दोन्ही आकडे इथं लिहा.


अंबाजोगाईकर (सोमवार, रात्री ११.०५)

तोपर्यंत दार उघडून तांब्याने चार लिटर पाणी आत ओता, मशीन चालू होईल. आम्ही उन्हाळ्यात असंच करतो.


नांदेडचा मिस्त्री (सोमवार, रात्री ११.२०)

दादा, एखाद्या वेळी चालतंही ते. पण एका प्रोग्रामात मशीन चार-पाच वेळा पाणी घेते आणि टाकते. ताई शाळेत असताना प्रत्येक वेळी कोण ओतणार? शिवाय हाताने ओतलेलं पाणी मशीनमधल्या सॉफ्टनरमधून, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या भागातून, जात नाही. बोअरचं जड, क्षारांचं पाणी सरळ भांड्यांवर आणि हीटरवर जातं. सवय करू नका.


लातूरची सून (मंगळवार, संध्याकाळी ६.१५)

मोजलं. मशीनची तोटी: ४ मिनिटं १० सेकंद. सिंकचा नळ: १ मिनिट २० सेकंद. दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच लाईनवर, मध्ये दोन फुटांचं अंतर. वेळ दुपारी चारची.


परभणीकर (मंगळवार, संध्याकाळी ७.००)

ताई, उत्तर मिळालं की. सिंकला मिनिटाला साडेसात लिटर आणि मशीनच्या तोटीला जेमतेम अडीच. लाईनमध्ये पाणी आहे, तोटीत अडकलंय.


नांदेडचा मिस्त्री (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

बरोबर. पुस्तिकांत मिनिटाला १० लिटरपर्यंतची अपेक्षा लिहिलेली असते. आपल्याकडच्या टाक्यांवर तेवढं क्वचित मिळतं, पण सहा-सात आलं तरी बहुतेक मशिनी कुरकुर न करता चालतात. अडीचवर नाही चालत.

आता अँगल कॉक, म्हणजे मशीनची तोटी, खोलून घ्या. हौदाचा कॉक बंद करून नव्हे, गच्चीवरच्या टाकीचा बंद करून. एवढं लिहून सांगतोय कारण एका घरी नेमकी ही गडबड झाली होती आणि अर्धं स्वयंपाकघर भिजलं. अँगल कॉकच्या तोंडात जाळी असेल. मग पाइपचं दुसरं टोक, मशीनकडचं, तेही सोडवा. तिथं व्हॉल्व्हच्या तोंडात दुसरी जाळी बसवलेली असते. लोक एक साफ करतात आणि दुसरी विसरतात. ती पक्कडीने हळू ओढायची, मधोमध छोटं बोंड असतं त्याला धरून.

पाइपच्या नळाकडच्या टोकाला मुठीएवढी प्लास्टिकची डबी असेल तर तिला पाण्यात बुडवू नका आणि पाइप कापू नका. गळती झाली तर तिथेच पाणी तोडणारा व्हॉल्व्ह त्या डबीत असतो, आत विजेची तार असते.


बीडची मास्तरीण (मंगळवार, रात्री ८.४५)

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडेही पाण्याचाच कोड, पण बादली दीड मिनिटात भरते आणि दोन्ही जाळ्या स्वच्छ. पाणी आत येताना ऐकू येतं, बराच वेळ येत राहतं, आणि तरीही अपुरं. घर नवीन आहे, मशीन मागच्या महिन्यात इकडे हलवली. त्याआधी चार वर्षं कधी त्रास नव्हता.


नांदेडचा मिस्त्री (मंगळवार, रात्री ९.१०)

मास्तरीणबाई, घाण पाणी जाणारा पाइप कुठे सोडलाय? मोरीत जमिनीवर?


बीडची मास्तरीण (मंगळवार, रात्री ९.१८)

हो, मोरीच्या जाळीवर. आधीच्या घरी सिंकखाली जोडलेला होता.


नांदेडचा मिस्त्री (मंगळवार, रात्री ९.४०)

हेच कारण. पाइपचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली गेलं की पाणी आपोआप ओढलं जातं, जसं ड्रममधून नळी लावून रॉकेल काढायचे तसं. एकीकडून मशीन पाणी घेते, दुसरीकडून ते मोरीत वाहून जातं, आणि तिला वाटतं पाणी येतच नाहीये. पाइप भिंतीला लावून आधी दीड-दोन फूट वर न्या, तिथं क्लिपने पक्का करा आणि मग उतरवा. साडेतीन फुटांच्या वर मात्र नेऊ नका, पंपाला चढवायला जड जातं. पाइपचं टोक साचलेल्या पाण्यात बुडलेलं राहू देऊ नका.


बीडची मास्तरीण (बुधवार, सकाळी ७.२०)

काल रात्रीच खिळा मारून पाइप वर बांधला. सकाळी मशीन पूर्ण चालली, भांडी गरम बाहेर आली. महिनाभर मी रोज एवढं पाणी मोरीत सोडत होते, तेही आमच्या बीडमध्ये, याचं फार वाईट वाटतंय. तुमचे मनापासून आभार.


लातूरची सून (बुधवार, रात्री ९.३०)

आज प्लंबरदादांना बोलावून माझ्या डोळ्यांसमोर सगळं खोललं. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

अँगल कॉकमधली जाळी पाच रुपयांच्या नाण्याएवढी. तिची छिद्रं दिसतच नव्हती. वर राखाडी गाळाचा थर होता, ओल्या विभूतीसारखा, तो बोटाने निघाला. त्याखाली पांढरं, कडक, खरखरीत काहीतरी, नखाने खरवडलं तर रवाळ पडायचं. आणि कडेने टेफ्लॉन टेपच्या पांढऱ्या चिंध्या गुंडाळलेल्या. मागच्या दिवाळीत नळ बदलले होते तेव्हाच्या असणार. जाळी उजेडाकडे धरली तर मोजून सात-आठ ठिकाणी उजेड आरपार येत होता. एवढ्यातून माझी मशीन पाणी पीत होती.

मशीनकडची जाळी त्यामानाने बरी, पण तिच्यावरही पांढरं होतंच.

प्लंबरदादा म्हणाले, ॲसिड टाकतो. मी नको म्हटलं. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून दोन्ही जाळ्या टाकल्या. बारीक बुडबुडे यायला लागले, आणि तासाभरात पांढरं सुटून तळाला बसलं. सासूबाई शेजारी पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आपल्या चहाच्या भांड्यालाबी असंच बसतंय की गं."

परत जोडल्यावर १० लिटरची बादली १ मिनिट ३५ सेकंदांत भरली. मशीन लावली. एफ५ आला नाही. पूर्ण प्रोग्राम झाला.


परभणीकर (बुधवार, रात्री ९.४५)

वा! ९,२०० रुपये वाचले.


लातूरची सून (शुक्रवार, दुपारी ४.४०)

आनंद लवकर केला. आज दुपारी चारला पुन्हा एफ५. जाळ्या काढून बघितल्या, स्वच्छ आहेत. काल आणि परवा रात्री लावली तेव्हा काहीच झालं नव्हतं.


परभणीकर (शुक्रवार, संध्याकाळी ६.३०)

ताई, वेळेकडे बघा. रात्री चालते, दुपारी चारला अडते. तुम्ही टाकी केव्हा भरता? आणि टाकी स्वयंपाकघराच्या तोटीपासून किती उंच आहे?


लातूरची सून (शुक्रवार, संध्याकाळी ७.१०)

मोटार संध्याकाळी सहाला लावतो. दुपारपर्यंत टाकी तळाला जाते, खरं आहे. उंची: स्लॅब साडेदहा फुटांवर, त्यावर विटांचा दीड फूट कट्टा, त्यावर टाकी. मशीनची तोटी जमिनीपासून दीड फुटावर. टाकीत पाणी भरल्यावर तीन फूट.


परभणीकर (शुक्रवार, रात्री ८.००)

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे, म्हणून हे मोजून सांगतो. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. साधारण ३३ फुटांच्या उंचीला एक बार (हे दाबाचं माप). टाकी आडवी किती मोठी आहे याला काही अर्थ नाही, ५०० लिटरची असो की २,००० लिटरची.

तुमची टाकी भरलेली असताना पाण्याचा वरचा काठ तोटीपासून साडेतेरा फूट. म्हणजे ०.४ बार. टाकी तळाला गेली की साडेदहा फूट, म्हणजे ०.३ बारच्या आसपास, आणि त्यातूनही पाइपच्या वळणांत थोडा दाब जातो. डिशवॉशरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर किमान दाब लिहिलेला असतो. काहींना ०.३ बार लागतो, काहींना ०.५. मशीन शहरातल्या दहा मजली इमारतीत बसवायची कल्पना करून बनवलेली असते, आपली घरं एकमजली. तुम्ही अगदी काठावर आहात. जाळी स्वच्छ असेल आणि टाकी भरलेली असेल तर मशीन पास, दोन्हींपैकी एक बिघडलं की नापास. जाळी तुंबायच्या आधीही तुमच्या दुपारी अशाच काठावर जात असणार, फक्त तेव्हा तुम्ही मशीन रात्री लावत असाल.


लातूरची सून (शुक्रवार, रात्री ८.२५)

काका, माझ्या पुस्तिकेत ०.३ ते १० बार लिहिलंय. आत्ता बघितलं. अडीच वर्षांत ते पान मी उघडलं नव्हतं. आणि हो, रात्रीच लावायचो. भांडी उरतात म्हणून दुपारी लावायला अलीकडेच सुरुवात केली.

मग प्रेशर पंप बसवू का?


नांदेडचा मिस्त्री (शुक्रवार, रात्री ९.१५)

आधी फुकटचा उपाय करा. मशीन रात्री आठनंतर, टाकी भरल्यावर लावा. जमेल तेव्हा विटांचा कट्टा दोन-तीन फुटांनी वाढवून घ्या, गवंड्याचं एका दिवसाचं काम, पण भरलेल्या टाकीचं वजन त्याला सांगा. १,००० लिटर म्हणजे एक टन. भिंत खाली कुठून जाते ते बघूनच तो बांधला पाहिजे.

पंप बसवायचाच तर गच्चीच्या टाकीनंतर, घरातल्या लाईनवर. पालिकेच्या नळाच्या लाईनला थेट मोटार लावू नका. ते बेकायदा आहे, आणि गल्लीच्या टोकाच्या घराला मग थेंबही मिळत नाही.


जालन्याचा शेजारी (शुक्रवार, रात्री १०.००)

पाण्यात क्षार एवढे असतील तर मशीनला आरओचं पाणी जोडलं तर? आणि आरओतून वाया जाणारं पाणी टाकीत सोडलं तर चालेल का?


परभणीकर (शुक्रवार, रात्री १०.३०)

दुसरं मुळीच करू नका. आरओ जे क्षार बाजूला काढतो तेच त्या वाया जाणाऱ्या पाण्यात जमा झालेले असतात. ते टाकीत सोडलं तर टाकीचं पाणी दिवसेंदिवस आणखी जड होत जाईल. फरशी पुसा, संडासात वापरा. आणि घरचा आरओ ताशी थोडंच पाणी देतो, मशीनची भूक त्याने भागत नाही.

आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण. बोअरचं पाणी त्याच्या भेगांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. डिशवॉशरमध्ये त्यासाठीच सॉफ्टनर आहे, त्याला चालवायला मीठ लागतं. लोक मीठ भरतात पण पाणी किती जड आहे ते मशीनला सांगत नाहीत. ती सेटिंग कारखान्यातून मधल्या आकड्यावर येते. पुस्तिकेसोबत तपासायची पट्टी येते, ती पाण्यात एक सेकंद बुडवून रंग जुळवायचा. टीडीएस मीटरवर जाऊ नका. तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, जडपणा वेगळा.


नांदेडचा मिस्त्री (शुक्रवार, रात्री १०.५०)

आणि मीठ डिशवॉशरचंच. जेवणातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घातलेलं असतं ते सॉफ्टनरला बाधतं. भरताना सांडलं तर लगेच एक प्रोग्राम लावा, नाहीतर स्टीलवर गंज चढतो.


अंबाजोगाईकर (शनिवार, सकाळी ९.००)

माझा प्रश्न राहिलाच. आमच्याकडे पावडर संपली म्हणून घरच्यांनी हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं. दारातून फेस बाहेर आला, आता वेगळाच कोड आहे आणि मशीन बंद असतानाही पंप घरघरतोय. थांबतच नाही.


नांदेडचा मिस्त्री (शनिवार, सकाळी ९.४०)

आधी प्लग काढा आणि तोटी बंद करा. फेस झिरपून बुडाच्या ताटात पाणी साठलंय. तिथं थर्माकोलचा एक तुकडा असतो, पाण्यावर तरंगून वर आला की बटण दाबलं जातं. मशीनला वाटतं गळती आहे, म्हणून ती पंप थांबवत नाही. आतला फेस पुसून काढा, दोन माणसं धरून मशीन हळू मागे कलती करा, पाणी निघेल. मग दोन दिवस कोरडी होऊ द्या. पुन्हा तोच कोड आला तर खरंच कुठेतरी गळतंय, तेव्हा मेकॅनिक बोलवा. नुसती कलती करून चालवत राहू नका.

सगळ्यांसाठी सांगतो, अक्षरं कंपनीगणिक बदलतात. एलजीवर आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे जात नाही. सॅमसंगवर तेच ४सी आणि ५सी. बॉशवर ई१५ म्हणजे बुडात पाणी. दुसऱ्याच्या मशीनचा अर्थ आपल्या मशीनला लावू नका. आणि पाणी जात नाही असा कोड आला तर आधी मधली गाळणी काढून बघा. आपल्याकडच्या गाळणीत मला कायम दोन गोष्टी सापडतात: शेंगदाण्याचा कूट आणि परातीला चिकटलेलं ज्वारीचं पीठ. ते पीठ गरम पाण्यात शिजून लापशी होते. परात आधी एकदा हाताने निपटून मग आत ठेवा.


लातूरची सून (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.२०)

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवायलाच हवं म्हणून परत आले.

गवंडीदादांनी कट्टा तीन फुटांनी वाढवला, आतल्या भिंतीच्या रेषेवर सरकवून. जडपणाची पट्टी लावली तर सगळ्यात वरचा रंग आला, सेटिंग त्याप्रमाणे वाढवली, त्यामुळे मीठ जास्त लागतंय पण पेल्यांवरचे पांढरे डाग गेले. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही जाळ्या लिंबूसत्वात टाकायच्या, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. एकवीस दिवसांत एफ५ एकदाही नाही, दुपारीसुद्धा.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा सासूबाई घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. मशीन आणली त्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता की ही पाणी किती खाते. तेव्हा मी पुस्तिकेतला आकडा वाचून दाखवला होता, १२ लिटर. त्यांचा विश्वास बसला नव्हता. परवा त्यांनी घाण पाण्याचा पाइप स्वतः बादलीत धरायला लावला आणि पूर्ण प्रोग्राम संपेपर्यंत बसून राहिल्या. बारा लिटरला थोडं कमीच भरलं. ते पाणी त्यांनी झाडांना घालायला घेतलं होतं, पण साबण आणि मीठ आहे म्हणून मी संडासाला वळवलं.


परभणीकर (रविवार, रात्री ९.५०)

योग्य केलंत, त्यातल्या सोडियमने माती बिघडते. वहिनींना नमस्कार सांगा.


लातूरची सून (रविवार, रात्री ९.५५)

सांगितला, काका. त्या विचारतायत, परभणीत नळ किती दिवसांनी येतो?